७३ एकविसाव्या जागेवर आणि ७ × ३ = २१; अशा मूळ संख्या आणखी आहेत का?

हळकुंड (सांगली)
मंडळी, गणिताशी माझा संबंध रोजचा, पण तो वजन, भाव आणि तोलाईपुरता. परवा मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकल्यावर चहाला थांबलो, तर एका अडत्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने कोडं घातलं. मूळ संख्या क्रमाने लिहा आणि एकविसावी कोणती ते सांगा. बिलाच्या पाठीवर लिहून काढल्या:

२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३.

एकविसावी आली ७३. पोरगं म्हणालं, आता तिच्या अंकांचा गुणाकार करा. सात त्रिक एकवीस!

मग मी मागे जाऊन सगळ्या तपासल्या. १७ सातवी आहे आणि १ × ७ = ७. म्हणजे तीही बसते. बाकी ९७ पर्यंत एकही नाही. प्रश्न असा की शंभराच्या पुढे अशा आणखी सापडतात का, की हा नुसता योगायोग? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अजिंक्यतारा
आमच्या एमएच ११ मधला ११ स्वतःच मूळ संख्या, तीही पाचवी. तुमच्या १० ला दोननेही भाग जातो आणि पाचनेही. कराडच्या ५० बद्दल न बोललेलं बरं. तरी मूळ संख्यांचा धागा सांगलीकराने काढावा, हे विशेष.

हळकुंड
तुमचे ११ लिहायलासुद्धा आमचे १० लागतात साहेब. दहा आणि वर एक.

निवृत्त मास्तर (कोरेगाव)
धागाकर्त्याने अर्धीच गंमत सांगितली आहे. ७३ उलटी करा: ३७. तीही मूळ. आता क्रमांक उलटा करा: २१ चे १२. आणि ३७ ही कितवी मूळ संख्या? वरच्या यादीत मोजा, बारावी.

म्हणजे गुणाकार जुळतो तो वेगळाच, शिवाय संख्या आणि तिची जागा आरशात धरली तरी जुळतात. १७ ला हे जमत नाही. तिची उलट ७१ मूळ आहे खरी, पण ती विसावी. आणि ७ उलटा केला तरी ७ च राहतो.

आणखी एक. ७३ द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर १००१००१, आणि २१ म्हणजे १०१०१. दोन्ही डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारख्याच.

पाटण खोरं
मास्तर, सुरुवात १ पासून का नाही केली? एकला एकाशिवाय कशानेच भाग जात नाही, मग ती मूळच की.

निवृत्त मास्तर
हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. १ ला मूळ म्हटलं की प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम मोडतो. १२ = २ × २ × ३ हे एकच उत्तर राहत नाही; १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असं कितीही लांबवता येतं. म्हणून तिला बाहेर ठेवलं.

पण तुम्ही एकटे नाही. डेरिक नॉर्मन लेहमर यांनी १९१४ साली एक कोटीच्या थोडं पुढेपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिची सुरुवात १ पासूनच आहे. त्या यादीने मोजलं तर ७३ बाविसावी होते आणि हा धागा इथेच संपतो.

अजिंक्यतारा
मग लेहमरच्या यादीने १७ आठवी. त्यांनी एक धरला आणि दोन्ही गमती घालवल्या. बिचारा.

विश्रामबाग ते बाणेर
ऑफिसात डिप्लॉयमेंट लटकलं होतं, तेवढ्यात चाळणी लिहून टाकली. एराटोस्थेनिसचीच (पटीतल्या संख्या खोडत जायचं, उरतात त्या मूळ), काही नवीन नाही. एक कोटीपर्यंत ६,६४,५७९ मूळ संख्या आहेत. प्रत्येकीच्या अंकांचा गुणाकार तिच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. उत्तर:

१७ (७ वी)
७३ (२१ वी)
२४७५९८९ (१,८१,४४० वी)

बस, तीनच. तिसरीचा हिशेब हातानेही करून बघा: २ × ४ = ८, × ७ = ५६, × ५ = २८०, × ९ = २५२०, × ८ = २०,१६०, × ९ = १,८१,४४०. बरोब्बर.

तात्या_कुंडल
नाद खुळा! पंचवीस लाखाच्या जवळ जाऊन एक सापडली म्हणायची.

निवृत्त मास्तर
१,८१,४४० म्हणजे १ ते ९ च्या गुणाकाराच्या (३,६२,८८०) नेमकी निम्मी. याला काही कारण नाही, पण बघून बरं वाटलं.

आणि ही तिसरी आरशात टिकत नाही. उलटी केली तर ९८९५७४२ येते, शेवटी २. सम संख्या, विषय संपला.

चिकित्सक
रंगाचा बेरंग करतो, माफ करा. यात गणित कुठे आहे? 'अंकांचा गुणाकार' ही गोष्ट संख्येची नाही, ती लिहिण्याच्या पद्धतीची आहे. आपण दहाच्या पायात, म्हणजे दहा-दहाचे गट करून लिहितो कारण हाताला बोटं दहा. बाराच्या पायात ७३ ला '६१' (सहा बारा आणि वर एक) लिहितात. सहा एके सहा, आणि ७३ काही सहावी नाही. संपली जादू.

इंग्रज गणितज्ञ हार्डी यांनी १९४० सालीच हे लिहून ठेवलं आहे. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे आपल्याच उलट संख्येच्या पटीत. चार अंकी संख्यांत अशा या दोनच. हे कोडी छापणाऱ्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असं त्यांचं मत होतं. मला ते पटतं.

निवृत्त मास्तर
हार्डींना पटलं नसेल, देवळालीला पटलं. द. रा. कापरेकर तिथे शाळामास्तर होते आणि आयुष्यभर हेच केलं, अंकांशी खेळ. चार अंकी कोणतीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. १९४९ मधली ही गोष्ट. आपल्याकडे लोकांनी फार मनावर घेतलं नाही, पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं.

हर्षद संख्या हे नाव कापरेकरांचंच. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद. हार्डी ज्या टॅक्सीतून रामानुजनना भेटायला गेले तिचा क्रमांक १७२९. अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. आहे की नाही आरसा? हार्डींच्याच टॅक्सीत!

चिकित्सक
मास्तर, १७२९ प्रसिद्ध आहे ती दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी होते म्हणून. ते कुठल्याही पायात खरं आहे. हर्षदपणा दहाच्याच पायातला. फरक आहे.

चॉईस नंबर
टॅक्सीचा विषय निघालाच आहे तर माझं एक काम करा. नवीन बुलेट घेतोय, आरटीओत चॉईस नंबरला पैसे भरायचेत. मित्र ८०५५ घे म्हणतात, 'बॉस' दिसतं म्हणून. हा धागा वाचून ७३२१ घ्यावा असं मनात आलंय. ७३ आणि लगेच २१.

विश्रामबाग ते बाणेर
८०५५ ला पाचने भाग जातो, कसला बॉस. ७३२१ घ्याच. आत्ता तपासलं, ती अख्खी संख्याही मूळ आहे.

निवृत्त मास्तर
त्यावर कापरेकरांची कृती करून पाहिली:
७३२१ − १२३७ = ६०८४
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४
सात पायऱ्या. सातपेक्षा जास्त कोणत्याच संख्येला लागत नाहीत. तुमची गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते म्हणायची.

चॉईस नंबर
ठरलं. घरी काय सांगायचं तेवढं कुणीतरी सुचवा.

लघुलहरी
७३ वाचून राहवलं नाही. आम्ही हौशी रेडिओवाले बोलणं संपवताना '७३' म्हणतो, म्हणजे शुभेच्छा. ही प्रथा तारेच्या काळापासूनची. मोर्समध्ये ७ म्हणजे डॅश डॅश डॉट डॉट डॉट, आणि ३ म्हणजे डॉट डॉट डॉट डॅश डॅश. सलग वाजवा, उलटं वाजवा, कानाला एकच. तर मंडळी, ७३!

तंबोरा (मिरज)
गुणाकाराचं झालं. बेरजेचं काय? अंकांची बेरीज क्रमांकाएवढी, अशी मूळ संख्या आहे का? १७ ची बेरीज ८ आणि ती सातवी. २९ ची ११ आणि ती दहावी. थोडक्यात हुकतात.

निवृत्त मास्तर
एकही नाही, आणि हे कागदावर सिद्ध होतं, कॉम्प्युटर नको. एक अंकी चार तोंडी तपासा: २ पहिली, ३ दुसरी, ५ तिसरी, ७ चौथी. नाही. दोन अंकी मूळ संख्यांत बेरीज जास्तीत जास्त १७ होते (८९). म्हणजे पाहायचं फक्त सतराव्या जागेपर्यंत, ५९ पर्यंत. वरच्या यादीत बोट ठेवून बघा, कुठेच जुळत नाही. तीन अंकी पहिली मूळ संख्या १०१, ती सव्विसावी. तीन अंकांची बेरीज फार तर २७, तीही ९९९ ची, आणि तोवर क्रमांक दीडशेच्या पुढे गेलेला असतो. चार अंकांपासून तर बोलायलाच नको, बेरीज प्रत्येक अंकाला नऊनेच वाढते.

विश्रामबाग ते बाणेर
पण बेरजेचा दुसरा प्रकार आहे: संख्येच्या अंकांची बेरीज = क्रमांकाच्या अंकांची बेरीज. १३१ ही ३२ वी: १+३+१ = ५, ३+२ = ५. २६३ ही ५६ वी: ११ आणि ११. ४५७ ही ८८ वी: १६ आणि १६. या भरपूर सापडतात. यांना होनेकर मूळ संख्या म्हणतात.

तात्या_कुंडल
होनेकर? मिरजेचे का?

विश्रामबाग ते बाणेर
अमेरिकेचे, तात्या.

पाटण खोरं
५७ बद्दल कुणीच बोललं नाही. ती पण मूळ ना? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणून ध्यानात राहिलीय.

हळकुंड
५७ = ३ × १९. त्या पुराची आठवण नको काढू भावा, दुकानात गाळ होता नुसता.

चिकित्सक
५७ म्हणणाऱ्याला नावं ठेवू नका. ग्रोथेंडिक, गणितातलं मोठं असं फील्ड्स पदक १९६६ साली मिळालेला माणूस, त्याला कुणीतरी म्हणालं की एखादी खरीखुरी मूळ संख्या घेऊन समजावून सांगा, तर तो म्हणाला, बरं, ५७ घेऊ. असा किस्सा सांगतात. तेव्हापासून ५७ ला गमतीने ग्रोथेंडिक मूळ संख्या म्हणतात.

पाटण खोरं
बघा. मोठ्या माणसांच्या रांगेत बसलो.

संशोधक_कोल्हापूर (मूळचा इस्लामपूरचा)
धागा आज दिसला. मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर छापून आलेलं आहे, जरा सविस्तर सांगतो.

७३ ला प्रसिद्धी मिळाली ती एका अमेरिकन विनोदी मालिकेतल्या शेल्डन नावाच्या पात्रामुळे. २०१० च्या एका भागात तो मित्रांना ७३ ही सर्वोत्तम संख्या का ते सांगतो: एकविसावी, उलट ३७ बारावी, २१ म्हणजे ७ × ३, आणि द्विमानातही दोन्हीकडून सारखी. म्हणजे मास्तरांनी सांगितलं तेच. ते ऐकून क्रिस स्पायसर आणि त्यांच्यासोबतच्या जेसी बर्न्स व अलिसा टर्नक्विस्ट यांनी २०१५ साली प्रश्न मांडला की गुणाकाराचा आणि आरशाचा असे दोन्ही गुण असलेली ७३ सोडून दुसरी मूळ संख्या आहे का? त्यांचा अंदाज होता, नाही. २०१९ मध्ये कार्ल पोमरन्स आणि स्पायसर यांनी तो सिद्ध केला. ७३ एकमेव आहे.

आता नुसत्या गुणाकाराकडे येऊ. हळकुंड, तुमच्या भाषेत सांगतो. दोन भागीदार आहेत. संख्येत एक अंक वाढला की पहिल्याची, म्हणजे अंकांच्या गुणाकाराची, मर्यादा नऊपट होते. त्याच वेळी दुसऱ्याची रक्कम, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांची मोजणी, जवळपास दहापट होते. सुरुवातीला पहिला खूप पुढे असतो. सात अंकांना गुणाकार ४७,८२,९६९ पर्यंत जाऊ शकतो आणि मूळ संख्या फक्त ६,६४,५७९. पण नऊपट आणि दहापट यांच्या शर्यतीत कधी ना कधी दुसरा गाठणारच. एकदा गाठलं की पुढे जुळणी अशक्य, क्रमांक कायम मोठा.

कधी गाठतो तेही काढता येतं. १९६२ मध्ये रॉसर आणि शोनफेल्ड या गणितज्ञांनी सिद्ध केलं की १७ पासून पुढे कोणत्याही संख्येपर्यंतच्या मूळ संख्यांची मोजणी ही त्या संख्येला तिच्या नैसर्गिक लॉगने (संख्या वाढते तसा फार हळू वाढणारा आकडा) भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्तच असते. ४६ अंकी संख्या घ्या. तिचा लॉग १०६ च्या आत. जुळणी व्हायला १०/९ चा ४५ वा घात या १०६ पेक्षा मोठा असून चालणार नाही, पण तो येतो ११४ च्या वर. म्हणून ४६ अंकी किंवा त्यापेक्षा मोठी संख्या बाद. अशा सगळ्या मूळ संख्या १ वर ४५ शून्यं, याच्या आतच असणार.

हळकुंड
भागीदारीचं एकदम डोक्यात शिरलं. पण १ वर ४५ शून्यं म्हणजे कुणी मोजून बघणार आहे का? मग ७३ एकटीच हे सिद्ध कसं केलं?

संशोधक_कोल्हापूर
मूळ संख्या एकेक तपासत गेलं तर जन्म पुरणार नाही. उलटीकडून जायचं, क्रमांकाकडून. क्रमांक हा अंकांचा गुणाकार आहे, म्हणजे त्याचे मूळ अवयव २, ३, ५, ७ एवढेच असू शकतात. ११ आला की बाद, १३ आला की बाद. मर्यादेच्या आत असे क्रमांक उरतात वीस लाखांच्या आसपास. एवढे कॉम्प्युटर हसत तपासतो.

मग प्रत्येक क्रमांकाला विचारायचं, तुझ्या जागेवरची मूळ संख्या साधारण केवढी? नेमकी काढणं अवघड आहे, पण मूळ संख्या किती दाट पसरल्या आहेत याचं गणित १८९६ पासून सिद्ध आहे, आणि आता चूक जास्तीत जास्त किती होईल याच्याही मर्यादा माहीत आहेत. त्यामुळे डावीकडचे बरेच अंक खात्रीने कळतात. त्यात एक जरी शून्य दिसलं तरी गुणाकार शून्य, संख्या बाद. शिवाय आरशाची अट असेल तर पहिला अंक १, ३, ७ किंवा ९ च हवा, कारण उलट केल्यावर तो शेवटी येतो आणि ती संख्याही मूळ असायला हवी. अशी गाळणी लावत गेलं की ७३ सोडून कुणी उरत नाही.

अजिंक्यतारा
वीस लाख उमेदवार, एक निवडून आला आणि बाकीच्यांचं डिपॉझिट जप्त.

चिकित्सक
हा प्रतिसाद आवडला, कारण यात खरं गणित आहे. पण माझा मुद्दा तसाच आहे, उलट आता पुराव्यासह मांडतो.

१७ मध्ये खास काय? १७ मधून तिचा क्रमांक ७ वजा करा, येतात १०. आपला पाया नेमका १०. म्हणून १७ म्हणजे 'एक दहा आणि सात', आणि एक गुणिले सात. झालं. आता ११ घ्या, पाचवी. ११ − ५ = ६. सहाच्या पायात ११ ला '१५' लिहितात, आणि १ × ५ = ५. १३ सहावी, १३ − ६ = ७. सातच्या पायात '१६', १ × ६ = ६. १९ आठवी, १९ − ८ = ११. अकराच्या पायात '१८'. ११ पासून पुढे कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून तिचा क्रमांक वजा करा आणि त्या पायात लिहा. गुणाकार जुळणारच. ११ पासून पुढे क्रमांक नेहमी संख्येच्या निम्म्यापेक्षा कमी असतो, म्हणून दुसरा अंक पायापेक्षा लहान राहतो आणि काही अडत नाही.

थोडक्यात, प्रत्येक मूळ संख्येचा एक पाया असतो जिथे ती १७ असते. दहा बोटांच्या माणसांत १७ चा नंबर लागला, एवढंच तिचं कर्तृत्व.

निवृत्त मास्तर
वा! हे मी कधी पाहिलं नव्हतं. तेवीसवर करून बघितलं: नववी, २३ − ९ = १४, चौदाच्या पायात '१९'. चोख. जुने विद्यार्थी अजून कोडी विचारायला येतात, त्यांना हेच घालणार.

पण चिकित्सक, तुमच्या युक्तीत पहिला अंक कायम १. ७३ मध्ये ७ × ३ आहे. ती त्या वाटेने येत नाही.

चिकित्सक
मान्य. ७३ या स्वस्त मार्गाने येत नाही, आणि २४७५९८९ सुद्धा. तशा दुसऱ्या पायांतही असतात म्हणा. बाराच्या पायात २९ ला '२५' लिहितात. २ × ५ = १०, आणि २९ दहावी. पण उलट '५२' म्हणजे ६२, मूळ नाही. आरसा तिथेही फुटला.

संशोधक_कोल्हापूर
आणि भागीदारीचा हिशेब कोणत्याही पायात तसाच चालतो. पाया १२ घेतला तर गुणाकाराची मर्यादा अकरापट वाढते आणि मोजणी जवळपास बारापट. गाठणारच. म्हणजे अशा संख्या कुठल्या, हे बोटांवर अवलंबून. त्या मोजक्याच असणार, हे बोटांवर अवलंबून नाही. हार्डींनी निदान याला तरी नाक मुरडलं नसतं असं मला वाटतं.

तंबोरा (मिरज)
मला आरशाचाच भाग आवडला. संख्या दोन्हीकडून सारखी आणि तिचा क्रमांकही दोन्हीकडून सारखा, अशा किती?

विश्रामबाग ते बाणेर
२, ३, ५, ७, ११ या पाच. क्रमांक १ ते ५, एकेरी, म्हणजे फुकटात मिळालेल्या. त्यानंतर थेट १४३७८७३४१, आणि तिचा क्रमांक ८११४११८. दोन्ही उलटून बघा. ११ नंतर चौदा कोटींच्या पुढे जाईपर्यंत एकही नाही.

तात्या_कुंडल
सांगली ते सातारा एसटीत एवढी वाट बघायला लागली असती तर मी चालत गेलो असतो.

हळकुंड
आता माझा प्रश्न परत विचारतो, कारण मधे बुलेट, पूर आणि मोर्स होऊन गेलं. दोन्ही गुण असलेली एकच, ७३. हे सिद्ध. नुसता गुणाकार जुळणाऱ्या तीन सापडल्यात. चौथी आहे की नाही?

संशोधक_कोल्हापूर
एक हजार कोटीपर्यंत तपासून झालं आहे, तिथे या तीनच. ४५ अंकांच्या पुढे नसणार, तेही नक्की. मधला पट्टा उरतो. पोमरन्स आणि स्पायसर यांनी तीनच असाव्यात हे अनुमान म्हणून मांडलं आहे, सिद्ध झालंय ते आरशाच्या अटीसकट. आरशाची अट काढली की पहिल्या अंकाची गाळणी हातातून जाते, आणि डावीकडचे अंक पाहून सगळे उमेदवार पडत नाहीत. जे उरतात त्यांच्यासाठी ती मूळ संख्या शेवटच्या अंकापर्यंत नेमकी लागते. तीस-चाळीस अंकी संख्येत ते काम फार जड आहे.

विश्रामबाग ते बाणेर
वीस लाख क्रमांकांची यादी रात्रीत तयार होईल. २, ३, ५, ७ चे घात फिरवायचे, एवढंच. डावीकडच्या अंकांत शून्य आहे का, आणि जे अंक कळले त्यांच्या गुणाकाराने क्रमांकाला भाग जातो का, या दोन गाळण्या आधी लावतो. किती उरतात ते इथेच टाकेन. कोड पायथॉनमध्ये आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

चिकित्सक
मला पाठवा. पाया बदलता येईल असा लिहा, मी बारावर चालवून बघतो.